पन्नास माणसं आणि सातशे मीटर भिंत

गावाची लोकसंख्या जेमतेम पन्नास. सरपंच मात्र दोन! पिनकोड दोन, टेलिफोनचे एसटीडी कोड दोन, गाड्यांच्या नंबरप्लेटी दोन तऱ्हेच्या आणि पोरांच्या शाळेच्या सुट्ट्याही वेगवेगळ्या. रस्त्यात कुणी भेटलं तर ओढ्याच्या एका बाजूला 'ग्र्यूस गॉट' म्हणायचं, दुसऱ्या बाजूला 'गुटन टाग'. आणि ओढा म्हणजे तरी केवढा? जुलैतल्या एखाद्या धुवांधार दुपारी आपल्या सोसायटीच्या गेटासमोरून जेवढं पाणी वाहतं, त्याहून थोडा मोठा. धावत येऊन उडी मारली तर पलीकडे.

गावाचं नाव म्योडलारॉइट. पहिल्या प्रयत्नात उच्चार जमला नाही तर मनाला लावून घेऊ नका, मॅक्सम्युलर भवनात दोन लेव्हल करून आलेल्यांचीही इथे बोबडी वळते.

जर्मनीला जाणाऱ्या मराठी माणसाचा रूट तसा ठरलेला असतो. ऑनसाइटवर गेलेली मंडळी पहिल्या लाँग वीकएण्डला म्युनिक उरकतात, दुसऱ्याला नॉयश्वानश्टाइनचा तो डिस्नेछाप किल्ला आणि तिसऱ्याला बर्लिन. बर्लिनमध्ये रंगीबेरंगी भिंतीसमोर फोटो काढला की इतिहास या विषयात आपण पास! पण गंमत अशी की बर्लिनच्या भिंतीची लांबी होती सगळी मिळून १५५ किलोमीटर आणि दोन जर्मनींमधली सरहद्द होती तब्बल १,३९३ किलोमीटर. म्हणजे मुंबई ते दिल्ली राजधानी एक्सप्रेस जेवढं अंतर कापते ना, साधारण तेवढी. ती शहरांमधून कमी आणि शेतं, जंगलं, गोठे आणि लोकांची परसदारं यांमधून जास्त जात होती. तिथे टीव्हीचे कॅमेरे नव्हते. म्हणून ती गोष्ट आपल्यापर्यंत फारशी पोचलीच नाही.

मी न्यूरेंबर्गला मैत्रिणीकडे उतरले होते. तिथल्या एका कंपनीत ती तीन वर्षं आहे. म्योडलारॉइटचं नाव काढल्यावर तिने गूगल मॅप उघडला, झूम करत करत अगदी तळाला गेली आणि म्हणाली, ''अगं, इथे काहीच नाहीये. गाई आहेत फक्त.'' तिचं अगदीच चुकलं नव्हतं. पण नकाशाच्या त्याच स्क्रीनवर एक तुटक रेघ गावाच्या बरोबर मधून जात होती. ही गोष्ट त्या रेघेची आहे.

ओढेकरांचं गाव

आधी थोडा भूगोल. म्युनिकहून बर्लिनकडे जाणारा हायवे बव्हेरिया संपवून थुरिंजिया राज्यात शिरतो, त्या कोपऱ्यात होफ नावाचं एक मध्यम शहर आहे. होफच्या उत्तरेला दहा-पंधरा किलोमीटरवर म्योडलारॉइट. या सगळ्या डोंगराळ पट्ट्याला फोग्टलांट म्हणतात. डोंगराळ म्हटल्यावर आल्प्स डोळ्यांसमोर आणू नका. इथे आहेत नुसते चढउतार, गवताची कुरणं आणि मधूनमधून काळपट हिरव्या सूचिपर्णी झाडांचे पट्टे. हवा मात्र कडक. उरलेले बव्हेरियन लोक या कोपऱ्याला 'बव्हेरियाचा सैबेरिया' म्हणून चिडवतात. बीअरचे मग आणि चामडी चड्ड्या यांचा बव्हेरिया इथून खूप लांब दक्षिणेला. इकडची माणसं स्वतःला आधी फ्रँकन म्हणवतात आणि मग नाइलाज झाला तर बव्हेरियन.

गावाच्या नावातलं 'रॉइट' म्हणजे जंगल तोडून मोकळी केलेली जागा. वागनरच्या ऑपेरांसाठी प्रसिद्ध असलेलं बायरॉइट हे याच कुळातलं नाव. ओढ्याचं नाव टानबाख. यातला 'बाख' म्हणजे ओढा. (म्हणजे संगीतकार बाखसाहेब आपल्याकडे जन्मले असते तर ओढेकर झाले असते!) हा टानबाख पुढे ज्या नदीला मिळतो तिचं नाव जर्मन माणूस जवळजवळ 'झालं' असं उच्चारतो. तिथे माझ्यातली मराठी बाई दोन मिनिटं हसत बसली.

टानबाख ही सोळाव्या शतकापासून कुणा ना कुणाची हद्द आहे. एका बाजूला बायरॉइटचे संस्थानिक, दुसऱ्या बाजूला रॉइस घराणं. या रॉइस लोकांची एक खासियत सांगायलाच हवी. घराण्यातल्या प्रत्येक मुलाचं नाव हाइनरिश. थोरला हाइनरिश, मधला हाइनरिश, चुलतभाऊ हाइनरिश. ओळखायचे ते नंबरावरून आणि धाकट्या पातीत तर नवं शतक लागलं की नंबर पुन्हा एकपासून सुरू! आपल्या कॉलनीत एका वेळी चार राहुल असतात ते परवडलं.

१८१० मध्ये नेपोलियनने बायरॉइटचा मुलूख बव्हेरियाच्या राजाच्या पदरात टाकला. मग नव्या मालकाने ओढ्याच्या कडेने हद्दीचे दगड रोवून घेतले. एका अंगाला 'के. बी.', म्हणजे बव्हेरियाचं राज्य, दुसऱ्या अंगाला 'एफ. आर.', म्हणजे रॉइसचं संस्थान. झालं, गावाचे कागदोपत्री दोन भाग पडले. पुढे राजे गेले, संस्थानं गेली. १९२० मध्ये थुरिंजिया हे राज्य तयार झालं आणि दगडांच्या पलीकडचा अर्धा गाव त्यात गेला.

गावकऱ्यांना याचा काय त्रास? काहीच नाही. शाळा आणि गुत्ता थुरिंजियाच्या बाजूला होते, तर रविवारी चर्चला सगळे बव्हेरियातल्या ट्योपेन गावी जायचे. पुरुषमंडळींचं गाण्याचं मंडळ एकच. लग्नं ओढ्याच्या अल्याड-पल्याड लागत होती. शेतं दोन्ही बाजूंना होती. तो दगड म्हणजे शेतसारा कुठल्या कचेरीत भरायचा, एवढ्यापुरता.

लंडनमधली पेन्सिल

पेन्सिल फिरली ती लंडनमध्ये. १९४४ च्या सप्टेंबरात महायुद्ध अजून चालू होतं, तेव्हा दोस्त राष्ट्रांच्या प्रतिनिधींनी तिथे बसून जिंकल्यावर जर्मनीचे तुकडे कसे वाटून घ्यायचे याचा करार केला. नवी रेघ आखायची तर मोजणी, नकाशे, भांडणं. त्यापेक्षा जुन्या राज्यांच्या आणि जिल्ह्यांच्या हद्दीच घेऊ, असं ठरलं. बव्हेरिया अमेरिकनांना, थुरिंजिया रशियनांना. ज्यांनी सही केली त्यांना टानबाख नावाचा ओढा आहे आणि त्याच्या दोन्ही काठांवर एकाच गावाचे गोठे आहेत, हे ठाऊक असण्याची सुतराम शक्यता नव्हती.

१९४५ च्या वसंतात अमेरिकन सैनिक आले, जुलैत थुरिंजियात रशियन आले. १९४९ मध्ये दोन देशच वेगळे झाले: पश्चिम जर्मनी आणि पूर्व जर्मनी. म्हणजे के. बी. आणि एफ. आर. कोरलेल्या त्या दगडांवरून आता पाश्चिमात्य आणि सोव्हिएत गटाची हद्द जायला लागली! तरीसुद्धा सुरुवातीची काही वर्षं पास दाखवून पलीकडे जाता येत होतं.

२६ मे १९५२. या तारखेला पूर्व जर्मनीने नवा हुकूम काढला. सरहद्दीला लागून दहा मीटरची पट्टी नांगरून साफ, म्हणजे कुणी चाललं तर पाऊल उमटलंच पाहिजे. तिच्यामागे पाचशे मीटरचा पट्टा, त्यात शेतावर काम करायचं ते फक्त सूर्योदय ते सूर्यास्त. त्याच्यामागे पाच किलोमीटरचा बंदिस्त विभाग, तिथे राहायचं तर ओळखपत्रात खास शिक्का हवा. बाहेरच्या पाहुण्याला परवानगीशिवाय येता येणार नाही. म्योडलारॉइटचा थुरिंजियन अर्धा भाग या सगळ्याच्या अगदी टोकाला, नाक भिंतीला टेकल्यासारखा.

ज्यांच्यावर सरकारचा भरवसा नव्हता त्यांना पुढच्या काही दिवसांत सरहद्दीवरून उचलण्यात आलं. पहाटे ट्रक दारात, काही तासांत सामान बांधा आणि चला. संपूर्ण सरहद्दीवरून आठ हजारांहून जास्त माणसं अशी हलवली गेली. थुरिंजियात या मोहिमेला सरकारी फायलीत नाव काय होतं माहितीये? 'उनगेत्सीफर'. मराठीत सांगायचं तर कीड. ढेकूण, उवा, झुरळं वगैरे मारतो ना आपण, तो शब्द. १९६१ मध्ये असाच आणखी एक फेरा झाला.

गावात आधी लाकडी फळ्यांचं कुंपण आलं. मग काटेरी तारा. आणि १९६६ मध्ये, बर्लिनच्या भिंतीनंतर पाच वर्षांनी, काँक्रीटची भिंत. सातशे मीटर लांब, ३.३ मीटर उंच, म्हणजे जवळजवळ अकरा फूट. आजच्या लोकसंख्येला भागलं तर माणशी चौदा मीटर भिंत येते! रात्री दिव्यांचा झोत, वर टेहळणीचा मनोरा. नुसतं कुंपण पुरलं नसतं का? पूर्व जर्मनीच्या हिशेबाने नसतं पुरलं. उघड्या माळावर पळणारा माणूस लांबून दिसतो. इथे मात्र स्वयंपाकघराचं मागचं दार आणि भांडवलशाही यांच्यात फक्त एक ओढा होता. अमेरिकन सैनिकांनी या ठिकाणाला नाव दिलं, 'लिटल बर्लिन'.

हात हलवायचा नाही

आकडे सोडा. मला सगळ्यात जास्त अस्वस्थ करून गेलेला नियम अगदी साधा होता. पूर्वेकडच्या माणसाने पश्चिमेकडे बघून हात हलवायचा नाही. पश्चिमेकडून कुणी हाक मारली, हात केला, तरी उत्तर द्यायचं नाही.

जरा कल्पना करा. तुमची मावसबहीण समोरच्या उतारावर कपडे वाळत घालते आहे. तुम्हाला ती दिसते. तिला मूल झालंय हे दुपट्यांवरून कळतं. घरात कुणी गेलं असेल तर गर्दीवरून आणि काळ्या कपड्यांवरून कळतं. आणि तुम्ही मान खाली घालून गोठ्यात जायचं. आज आपल्याला व्हॉट्सअॅपवर ब्लू टिक आली आणि उत्तर नाही आलं तरी कोण जीव खालीवर होतो! इथे हे सदतीस वर्षं चाललं. शाळेत एका बाकावर बसलेली पोरं आजी-आजोबा झाली तेवढ्या वेळात.

कायदेशीर मार्गाने भेटता येत नव्हतं का? १९७० च्या दशकात दोन्ही देशांत करार झाले आणि पश्चिमेकडच्या सीमावर्ती लोकांना एका दिवसापुरतं पूर्वेत जाण्याची सोय झाली. पण तो पाच किलोमीटरचा बंदिस्त विभाग बंदच होता. म्हणजे हायवेच्या नाक्यावरून, कागद दाखवत, लांबचा वळसा घालून पूर्वेतल्या एखाद्या शहरात नातेवाइकाला भेटायचं. ओढ्यापलीकडच्या घरात जाऊन कॉफी प्यायची तर ते काही शक्य नाही.

पश्चिमेची बाजू उलटी. तिकडे टुरिस्ट बसेस यायला लागल्या. शाळांच्या सहली, राजकारणी, अमेरिकन सैनिक. ५ फेब्रुवारी १९८३ रोजी तर अमेरिकेचे तेव्हाचे उपाध्यक्ष जॉर्ज बुश (थोरले) इथे येऊन भिंत पाहून गेले. एका बाजूचे लोक कॅमेरे घेऊन बघणारे आणि दुसऱ्या बाजूचे लोक बघण्याचा विषय. मीडियात काम करणाऱ्या माझ्यासारखीला यातलं कुठलं टोक आपलं, हा प्रश्न तिथे उभं राहिल्यावर टोचतोच.

म्योडलारॉइटची भिंत ओलांडून पळून जाण्यात एकच माणूस यशस्वी झाला. २५ मे १९७३. त्याने गाडी भिंतीला भिडवली, वर शिडी लावली आणि पलीकडे उडी टाकली. फिल्मी वाटतं ना? पण तेवीस वर्षांत एकच, हेही लक्षात घ्या.

मग आलं १९८९. १ ऑक्टोबरच्या पहाटे होफच्या स्टेशनात वेगळ्याच गाड्या शिरल्या. प्रागच्या पश्चिम जर्मन वकिलातीत आसरा घेतलेली पूर्व जर्मन माणसं त्यात खचाखच भरलेली होती. होफकरांनी चहा-कॉफी, कपडे, खेळणी, जे हाताला लागलं ते घेऊन प्लॅटफॉर्म गाठला. ९ नोव्हेंबरला बर्लिनची भिंत उघडली आणि सगळं जग नाचलं. आणि म्योडलारॉइटची? ती होती तिथेच! शेजाऱ्याला भेटायला आता मुभा होती, पण भिंतीला दार नव्हतं. लांबच्या नाक्यावरून वळसा घाला आणि या. गावकऱ्यांनी मागणी लावून धरली, मेणबत्त्या घेऊन उभे राहिले आणि शेवटी ९ डिसेंबर १९८९ रोजी, बर्लिननंतर बरोबर एक महिन्याने, पायी जाण्यापुरती वाट उघडली. तीही सुरुवातीला तपासणीसकट.

पाडायचं की ठेवायचं?

१७ जून १९९० रोजी जेसीबीछाप यंत्र आणून भिंत पाडायला घेतली. तारीख मुद्दाम निवडावी अशीच होती. १९५३ मध्ये याच दिवशी पूर्व जर्मनीतल्या कामगारांनी उठाव केला होता आणि तो रणगाड्यांनी चिरडला गेला होता. आता प्रश्न आला, सगळी भिंत पाडायची का? ज्याच्या खिडकीतून इतकी वर्षं फक्त काँक्रीट दिसलं, त्याला ती एक दिवसही जास्त नको असणार. मीही असते तर स्वतः हातोडा घेऊन गेले असते. पण काही मंडळींचं म्हणणं पडलं की सगळं गेलं तर पुढच्या पोरांना हे खरं तरी वाटेल का? शेवटी शंभरेक मीटर भिंत राखली, मनोरा राखला, तारांचं कुंपण राखलं आणि तिथे 'डॉइच-डॉइचेस म्युझियम' उभं राहिलं. म्हणजे 'जर्मन-जर्मन संग्रहालय'. नावात एकच देश दोनदा!

माझ्या मते ठेवली ते बरं केलं. कारण बर्लिनची भिंत आता चित्रांनी इतकी नटली आहे की तिच्यासमोर आपण पोझ देतो. इथे पोझ देता येत नाही. भिंत पांढरी, उघडी. तिच्या मागे गवत, गवतामागे कोंबड्यांचा आवाज आणि कुणाच्या तरी अंगणातला झोपाळा. एकदा ते घर आणि ही भिंत यांच्यातलं अंतर पावलांनी मोजून बघा. पुढे गाईडची गरज पडत नाही. या गावावरून स्फूर्ती घेऊन 'टानबाख' नावाची टीव्ही मालिकाही निघाली. जर्मनीत ती २०१५ मध्ये आणि तिचा पुढचा भाग २०१८ मध्ये दाखवला गेला. तिच्यातलं नाट्य झकास असेल, पण प्रत्यक्षात त्या कोंबड्याच जास्त लक्षात राहतात.

मग आता गाव एक झालं का? नाही! आणि हीच खरी गंमत आहे. देश एक झाला ३ ऑक्टोबर १९९० ला. पण अर्धा गाव अजून बव्हेरियात आणि अर्धा थुरिंजियात. बव्हेरियाचा भाग ट्योपेनच्या कारभाराखाली, थुरिंजियाचा गेफेल या छोट्या शहराच्या. गावातली पोरं आपापल्या राज्याच्या शाळेत जातात. जर्मनीत शिक्षण हा राज्याचा विषय, त्यामुळे अभ्यासक्रम वेगळा, उन्हाळी सुट्टी वेगळी. शेजारशेजारच्या दोन घरांतल्या मित्रांना एकत्र सुट्टीवर न्यायचं म्हणजे आईबापांची कसरत. २०२०-२१ च्या करोनाकाळात तर प्रत्येक राज्याचे नियम स्वतंत्र होते, त्यामुळे ओढा ओलांडला की काय चालतं आणि काय नाही याची यादी बदलायची.

'अहो, मग करून टाका ना एक!' असं आपल्याला वाटतं. राज्यघटनेत त्याची तरतूदही आहे. कलम २९ प्रमाणे छोट्या मुलखाची अदलाबदल दोन राज्यं आपसात करार करून करू शकतात. पण त्यासाठी कुणाला तरी आपलं राज्य सोडावं लागेल. आणि सोडायचं कुणी? सदतीस वर्षं ज्यांच्यावर एक ओळख लादली गेली, त्यांना पुन्हा 'आता तुम्ही थुरिंजियन नाही, बव्हेरियन' असं वरून सांगणं म्हणजे जरा अतीच झालं.

पैशाची रेघ तर आणखी उशिरापर्यंत टिकली. पूर्वेत नोकरी केलेल्या वर्षांचा पेन्शनचा दर आणि पश्चिमेतल्या वर्षांचा दर देशभर वेगवेगळा होता. तो सारखा व्हायला १ जुलै २०२३ उजाडावा लागला. भिंत पडली तेव्हा कामाला लागलेला विशीतला पोरगा तोवर पन्नाशी ओलांडून गेला.

सॅटेलाइट नकाशा काढलात तर आणखी एक गोष्ट दिसेल. एकेकाळच्या पश्चिमेकडे शेतांचे लहान लहान तुकडे, गोधडीसारखे. पूर्वेकडे भलीमोठी सलग शेतं. समाजवादी काळात शेतकऱ्यांच्या जमिनी एकत्र करून सामूहिक शेती केली, तिचे ते ठसे. आणि दोन्हींच्या मधून झुडपांची एक हिरवी फीत चाललेली दिसते.

या हिरव्या फितीची कहाणी तर खासच. सरहद्दीच्या पट्ट्यात कुणाला पाऊल टाकायची परवानगी नव्हती. ना नांगर, ना खत, ना बिल्डर. त्यामुळे तिथे पाखरं राहायला आली. काइ फ्रोबेल नावाचा बव्हेरियातला तरुण १९७० च्या दशकात दुर्बीण घेऊन हेच बघत होता. 'ब्राउनकेलशेन' नावाचा चिमणीएवढा, एरवी शेतांतून दिसेनासा होत चाललेला पक्षी सरहद्दीच्या खांबांवर खुशाल बसलेला त्याला दिसे. पुढे ९ डिसेंबर १९८९ रोजी होफमध्ये दोन्ही जर्मनींतले सुमारे चारशे निसर्गप्रेमी जमले आणि त्यांनी ठराव केला की हा सगळा पट्टा 'हिरवा पट्टा' म्हणून राखायचा. तारीख बघितलीत? त्याच दिवशी पंधरा किलोमीटरच्या आत म्योडलारॉइटची भिंत उघडत होती. थुरिंजियाने आपल्या वाट्याच्या ७६३ किलोमीटरला २०१८ मध्ये राष्ट्रीय निसर्गस्मारकाचा दर्जा दिला. ज्या रस्त्यावरून गस्तीच्या गाड्या जायच्या, त्या भोकं पाडलेल्या काँक्रीटच्या फरश्यांवरून आता लोक चालायला जातात. फक्त बूट चांगले घाला, त्या भोकांत पाय मुरगळायला एक सेकंद पुरतो.

जायचंय? मग हे वाचा

न्यूरेंबर्गहून होफला रिजनल ट्रेनने साधारण दोन तास लागतात. २०२३ मध्ये सुरू झालेलं डॉइचलांड-टिकिट या गाड्यांना चालतं, त्यामुळे महिन्याचा पास असेल तर वेगळा खर्च नाही. होफपासून पुढे मात्र बसच्या भरवशावर राहू नका, त्या अगदी मोजक्या. चारजण मिळून गाडी भाड्याने घ्या आणि ए-७२ हायवेवरून होफ-ट्योपेनच्या एक्झिटला बाहेर पडा, किंवा दम असेल तर होफहून सायकल काढा. चढ आहेत. सोमवारी जाऊ नका, जर्मनीतली बहुतेक म्युझियम्स त्या दिवशी दार लावून बसतात. म्युझियम आणि भिंत बघायला दोन-तीन तास पुरे. वेळ उरला तर जवळच बव्हेरिया, थुरिंजिया आणि सॅक्सनी या तीन राज्यांच्या हद्दी जिथे मिळतात तो दगड आहे, तिथवर चालत जा. एका पायावर उभं राहून तीन राज्यं करून येता येतात!

खायला होफमध्ये थांबा. तिथे रस्त्यावर 'व्हेर्श्टलामो' उभे असतात, म्हणजे सॉसेजवाले काका. पितळेचं चकचकीत भांडं, खाली निखारे, आत गरमागरम सॉसेज. शाकाहारी मंडळींनी थुरिंजियाच्या बाजूला जाऊन बटाट्याचे गोळे, 'क्ल्योसे', मागवावेत. नुसते मिळतात का ते मात्र आधी विचारून घ्या, कारण सोबतची ग्रेव्ही बहुधा मांसाची असते.

आणि हो, ऑक्टोबरच्या शेवटी जाणार असाल तर कॅलेंडर बघून घ्या. ३१ ऑक्टोबरला थुरिंजियात सुट्टी, दुकानं बंद; त्या दिवशी तिकडची मंडळी खरेदीला होफला येतात. दुसऱ्या दिवशी, १ नोव्हेंबरला, बव्हेरिया बंद आणि थुरिंजिया चालू. मग होफकर पलीकडे जातात. पार्किंगची बोंब दोन्ही दिवशी.